एअर फोर्स-नेव्हीच्या आकाशाजवळून सिव्हिल रूट कसा मागायचा

लोहगावला विमानात बसलोय, दारं बंद झालीत, आणि समोरून सुखोईंची जोडी सुटेपर्यंत आपलं विमान जागचं हलत नाही, हे पुणेकरांना नवीन नाही. धावपट्टी एअर फोर्सची, टॉवर एअर फोर्सचा, आपण तिथे सिव्हिल एन्क्लेव्हमधले पाहुणे. गोव्यात दाबोळीला तेच, फक्त तिथे यजमान नेव्ही. पण जमिनीवर दिसतं ते थोडं, खरी अडवणूक वर असते, नकाशावर सरळ रेघ मारली तर जो रूट निघतो तो आणि विमान प्रत्यक्षात जातं तो रूट यात जे वळण असतं ना, त्यातली बरीच वळणं कुठल्यातरी लष्करी एरियाला वळसा घालायला असतात. मे २०२० मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीच सांगितलं होतं की देशाचं ६० टक्केच आकाश सिव्हिलला मोकळं मिळतं आणि बंधनं सैल केली तर एअरलाइन्सचे वर्षाला १००० कोटींच्या आसपास वाचतील.

मी बरीच वर्षं एअरलाइनच्या ऑपरेशन्समध्ये रूटचं काम केलंय आणि या लाइनमध्ये नवीन आलेली मुलंमुली नेहमी विचारतात की हे मागायचं कसं, कुणाकडे जायचं, काय बोलायचं. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आधी एक डोक्यात पक्कं करा. शिकागो कन्व्हेन्शन या आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीच्या कराराच्या कलम ९ प्रमाणे लष्करी गरजेसाठी आपल्या आकाशाचा भाग बंद ठेवायचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, त्यामुळे आपण तिथे हक्क सांगायला जात नाही, सोय मागायला जातो. आणि सोय जागेची मागायची नाही, वेळेची मागायची. हे मला उशिरा कळलं. पहिल्या मीटिंगला मी मोठा रंगीत नकाशा घेऊन गेलो होतो, एका एरियाचा कोपरा लाल करून, म्हणजे हा एवढा त्रिकोण सोडलात तर आमचे इतके मैल वाचतात वगैरे. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कितने बजे चाहिए?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्रिकोण काही मिळाला नाही. पुढच्या वेळी वेळा घेऊन गेलो, तेव्हा बोलणं सुरू झालं. कारण सरळ आहे, एरिया कायमचा सोडणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने ट्रेनिंगची जमीन विकणं, पण रात्री अकरा ते पहाटे पाच आम्ही तिथे उडत नाही, तेव्हा तुम्ही जा, हे म्हणायला त्यांचं काही जात नाही.

मीटिंगच्या आधीचं घरचं काम

एआयपी उघडा (देशाच्या आकाशाची आणि विमानतळांची अधिकृत माहितीपुस्तिका), त्यात प्रोहिबिटेड, रिस्ट्रिक्टेड आणि डेंजर अशा तीन प्रकारच्या एरियांची यादी असते. नावातच खूण असते, मुंबई एफआयआरमधले (एफआयआर म्हणजे एका केंद्राकडे असलेला आकाशाचा विभाग) व्हीए पासून सुरू, दिल्लीचे व्हीआय, कोलकात्याचे व्हीई, चेन्नईचे व्हीओ, आणि पुढे पी, आर किंवा डी. पी असेल तर तो विषय तिथेच सोडा, राष्ट्रपती भवनावरचा व्हीआयपी-८९ कुणी वाटाघाटीत देणार नाही. आर आणि डी मध्ये बोलायला जागा असते. प्रत्येक एरियाच्या तीन गोष्टी लिहून घ्या, खालची आणि वरची उंची, कधी ॲक्टिव्ह असतो, आणि ताबा कुणाकडे. उंचीकडे लोक बघतच नाहीत, एरिया एका ठरावीक लेव्हलपर्यंतच असेल तर आपल्याला वरून जायला काय हरकत आहे, तिथे मागायचं असतं ते फक्त चढायला आणि उतरायला लागणारी थोडी जागा.

मग मागच्या तीन-चार महिन्यांचे नोटॅम (आकाश कधी बंद वगैरे कळवणाऱ्या, वैमानिकांसाठीच्या सूचना) काढा आणि एक साधी एक्सेल शीट बनवा, तारीख, वार, किती ते किती. हे काम कंटाळवाणं आहे पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो, कारण कागदावर चोवीस तास असलेला एरिया प्रत्यक्षात कधी वापरला जातो याचा पॅटर्न त्यात दिसायला लागतो. दाबोळीचंच बघा, बरीच वर्षं तिथे सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक हा वेळ नेव्हीच्या ट्रेनिंगसाठी राखीव, म्हणजे भांडण दिवसाच्या साडेचार तासांचं, तेही आठवड्याचे पाच दिवस. हे कळलं की तुम्ही सकाळी दहाचा स्लॉट मागून तोंडघशी पडत नाही, दुपारी दोनचा मागता किंवा शनिवार-रविवारचा मागता. (मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं त्यामुळे गोव्याला सकाळी जाणाऱ्यांची सोय झाली, पण प्रत्येक शहराला असं दुसरं विमानतळ मिळत नाही.)

इथेच एक चूक सांगून ठेवतो जी मी स्वतः होताना पाहिली आहे. नोटॅम यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतो, आणि बेसवरचे लोक बोलताना भारतीय वेळेत बोलतात. साडेआठ ते एक म्हणजे नोटॅममध्ये ०३०० ते ०७३०. साडेपाच तासांचा हा फरक मीटिंगच्या मिनिट्समध्ये एका जागी चुकला की मग पुढे प्रत्येक कागदावर चूक चालत राहते, म्हणून प्रत्येक वेळेपुढे दोन्ही लिहा, कितीही बालिश वाटलं तरी.

पैशांचा हिशोब पण करा, पण तो त्यांच्यासाठी नाही, तो तुमच्या मॅनेजमेंटसाठी आणि मंत्रालयासाठी. ए३२० विमान साधारण मिनिटाला ४० किलो इंधन खातं. वळसा ५ मिनिटांचा असेल तर २०० किलो. दिवसाला सहा फ्लाइट धरल्या तर १२०० किलो, वर्षाला ४३८ टन, आणि एका किलो इंधनातून ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे जवळपास १४०० टन धूर फक्त एका वळणाचा. हा आकडा बघून माझ्या पोटात खड्डा पडला होता. पण फायटर स्क्वाड्रनच्या माणसाला हा आकडा दाखवून तो हलणार नाही, आणि त्याने का हलावं, त्याचं काम वेगळं आहे.

त्यांना काय हवं असतं

त्यांना हवं असतं की गरज पडली तर आकाश ताबडतोब रिकामं मिळालं पाहिजे. बस. बाकी सगळं त्यानंतर. स्क्रॅम्बल झालं, म्हणजे फायटरना तातडीने उडावं लागलं, आणि मध्ये तुमचं १८० प्रवाशांचं विमान निवांत चाललंय ही त्यांची भीती, आणि ती रास्त आहे. म्हणून मीटिंगमध्ये आपली मागणी मांडायच्या आधी हे मांडा की तुम्ही परत मागितलं तर आम्ही किती मिनिटांत बाहेर पडू, कुठल्या पॉइंटवरून कुठल्या बाजूला वळू, आणि आमच्या प्रत्येक फ्लाइटमध्ये लांबच्या रूटचं इंधन भरलेलं असेल त्यामुळे पायलट "आता इंधन नाही, आत येऊ द्या" असं कधीच म्हणणार नाही. हे शेवटचं लेखी द्या. मी पाहिलंय की परत घेण्याचा हक्क आपण होऊन दिला की समोरचा माणूस खुर्चीत जरा मागे टेकतो, आणि मग पुढचं बोलणं सोपं जातं.

दुसरी भीती असते विमान रेघ सोडून भरकटेल याची. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअर लाइन्सचं ००७ रूट सोडून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि सोव्हिएत फायटरने ते पाडलं, २६९ माणसं गेली. त्यामुळे तुमच्या ताफ्याची नेव्हिगेशनची कुवत कागदावर दाखवा. आणि आता नवीन दुखणं म्हणजे जीपीएस स्पूफिंग, खोटे सिग्नल पाठवून विमानाला चुकीची जागा दाखवणं, नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या बाजूला, ४६५ घटना झाल्याचं सरकारने संसदेत सांगितलंय, तर जीपीएस गेलं तर क्रू काय करेल, कुणाला कळवेल, हे तुमच्या प्रस्तावात नसेल तर ते विचारणारच, आणि न विचारता सांगितलंत तर चांगलं दिसतं.

कुणाकडे जायचं

एअरलाइनने थेट बेस कमांडरला पत्र लिहायचं नाही. खूप जण लिहितात, आणि मग पत्र फिरत बसतं. मार्ग असा की एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या एटीएम (एअर ट्रॅफिक मॅनेजमेंट) विभागाकडे प्रस्ताव द्यायचा, ते एअर फोर्स किंवा नेव्हीशी बोलतात, डीजीसीए, म्हणजे सिव्हिल विमानवाहतुकीचं नियामक, असतंच. भारतात फ्लेक्सिबल यूज ऑफ एअरस्पेस नावाची व्यवस्था आहे, तिचे तीन थर आहेत, वर धोरण ठरवणारे, मध्ये रोजचं वाटप करणारे सेल जिथे सिव्हिल आणि लष्करी माणसं एकत्र बसतात, आणि खाली प्रत्यक्ष त्या क्षणी माइकवर असलेले कंट्रोलर. नवशिके पहिल्या थराच्या मागे लागतात. माझा अनुभव असा की तिसऱ्या थरापासून सुरुवात करा. तुमच्या एरियाचे जे सिव्हिल कंट्रोलर आहेत त्यांच्याबरोबर बसून चहा प्या, त्यांना विचारा की पलीकडच्या युनिटशी हँडओव्हर, म्हणजे विमानाचा ताबा देणं-घेणं, कसा होतो, कुठे अडतं, किती वेळा फोन लागत नाही. त्यांना रूट नको असेल तर वरून मंजूर होऊनही तो चालणार नाही, कारण आयत्या वेळी "अनेबल" (जमणार नाही) म्हणायला एक सेकंद लागतो.

काय मागायचं, हेही नेमकं माहीत हवं. जे रूट मिळतात त्यांना कंडिशनल रूट म्हणतात आणि ते तीन जातीचे असतात. पहिल्या जातीचा ठरलेल्या वेळात रोज फ्लाइट प्लॅनमध्ये टाकता येतो. दुसऱ्या जातीचा आदल्या दिवशी निघणाऱ्या एअरस्पेस यूज प्लॅनमध्ये उघडा दाखवला असेल तरच टाकायचा. तिसऱ्या जातीचा प्लॅनमध्ये टाकायचाच नाही, कंट्रोलरने आयत्या वेळी दिला तर घ्यायचा. सगळ्यांना पहिला हवा असतो. मी सांगेन तिसरा मागा. तिसऱ्यात इंधन वाचत नाही असं लोक म्हणतात, कारण लांबच्या रूटचं भरावंच लागतं, पण भरलेलं इंधन जळत तर नाही ना, ते टाकीतच उरतं, जादा वजन वाहायचा थोडा तोटा सोडला तर फायदा होतोच. आणि सहा महिने तिसरा नीट वापरला, एकदाही कुणाला त्रास दिला नाही, की दुसरा मागायला तुमच्याकडे रेकॉर्ड असतं. या कामात विश्वास असा तुकड्यातुकड्यानेच मिळतो, एकदम मागितला तर मिळत नाही.

वेळेचं गणित पण मागून पुढे करा. एआयपीतले बदल २८ दिवसांच्या एआयआरएसी सायकलने, म्हणजे आधीच ठरलेल्या तारखांना, लागू होतात आणि मोठा बदल असेल तर ५६ दिवस आधी प्रसिद्ध करायचा असतो. हिवाळी शेड्यूल ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी सगळं छापायला तयार पाहिजे, म्हणजे युनिटांमधला करार पावसाळ्यातच सह्या होऊन पाहिजे, म्हणजे प्रस्ताव उन्हाळ्यात. गणपतीत सुरू करून दिवाळीला रूट मिळत नाही.

करारात काय असायलाच हवं

दोन युनिटांमध्ये लेटर ऑफ ॲग्रीमेंट होतं, त्याचा मसुदा बघायला मिळाला तर चार गोष्टी शोधा. एरिया ॲक्टिव्ह आहे की नाही हे शेवटी कोण सांगणार, एकच माणूस, एकच फोन, आणि तो फोन नाही लागला तर काय धरायचं (उत्तर एकच, ॲक्टिव्ह धरायचं). हँडओव्हर कुठल्या पॉइंटला, कुठल्या लेव्हलला. येणारी आणि जाणारी विमानं वेगळी कशी ठेवायची. आणि हवामान.

येणारी-जाणारी वेगळी ठेवण्यावर मी फार अडून बसतो, कारण चरखी दादरी. १२ नोव्हेंबर १९९६, दिल्लीहून निघालेलं सौदी ७४७ आणि दिल्लीला येणारं कझाक इल्युशिन समोरासमोर धडकलं, ३४९ माणसं गेली, दोन्ही विमानांतलं एकही वाचलं नाही. कझाक विमान नेमून दिलेल्या १५ हजार फुटांच्या खाली आलं ही चूक होतीच, पण त्या काळी दिल्लीभोवतीचं बरंचसं आकाश एअर फोर्सकडे होतं आणि सिव्हिलला यायला-जायला एकच कॉरिडॉर होता, त्याच रेघेवर एक येणार आणि एक जाणार, मध्ये फक्त हजार फूट. पुढे येण्या-जाण्याचे कॉरिडॉर वेगळे केले. त्यामुळे कुणी तुम्हाला "एकच अरुंद पट्टा देतो, त्यातच दोन्हीकडचं बसवा" असं म्हणालं तर खूश होऊन सही करू नका, एकाच दिशेचा घ्या, तो पुरतो.

आणि हवामानाचं तर आधी बोलाच. २१ मे २०२५ ला दिल्ली-श्रीनगर फ्लाइट पठाणकोटच्या बाजूला गारांच्या वादळात सापडली, आत दोनशेहून जास्त माणसं, क्रूने सीमेकडे वळायची परवानगी मागितली ती मिळाली नाही, लाहोरला विचारलं, तिथूनही नकार, शेवटी ते वादळातून गेले आणि नाक फुटलेल्या विमानाने श्रीनगरला सुखरूप उतरले. त्या दिवशी सीमेवर जी परिस्थिती होती त्यात एअर फोर्सला वेगळं काही करता आलं असतं असं मी म्हणणार नाही, पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंदच होतं. पण त्या पायलटांच्या जागी स्वतःला ठेवून बघा, डावीकडे बंद, उजवीकडे ढग, आणि विचारायला मिनिटं नाहीत. हे प्रश्न जमिनीवर, चहा पीत, सहा महिने आधी विचारायचे असतात. ढग टाळायला कुठल्या बाजूला किती मैल जाता येईल, ती परवानगी कोण देईल, किती सेकंदांत देईल, आणि ती बाजू कायम बंदच असेल तर डिस्पॅचने (एअरलाइनमध्ये फ्लाइटचा रूट आणि इंधन ठरवणारा विभाग) वादळाच्या दिवशी तो रूट द्यायचाच नाही, आधीच लांबून पाठवायचं. आमच्याकडे आम्ही असं ठरवलं होतं की लष्करी एरियाच्या पट्ट्यात ढगांचा अंदाज ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर कंडिशनल रूट त्या दिवसापुरता विसरायचा. इंधन जळालं, कुणी काही बोललं नाही.

जिथे बोलायचंच नसतं

दोन जागी वाटाघाटी करू नका. एक, देशादेशांचं प्रकरण. भारत-पाकिस्तानमध्ये १९९१ चा करार आहे, लढाऊ विमानांनी एकमेकांच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत यायचं नाही वगैरे, पण आकाश बंद करायचं ठरलं की एअरलाइनच्या हातात काही नसतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंद झालं ते १६ जुलैला उघडलं, तोवर २ जुलैपर्यंत एअर इंडियाला एकटीला ४९१ कोटींचा फटका बसल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं. एप्रिल २०२५ ला परत बंद. अशा वेळी फोन करत बसण्यापेक्षा क्रूचे ड्युटीचे तास मोजा, मध्ये इंधनासाठी कुठे उतरायचं ते ठरवा, किती सामान कमी न्यायचं ते काढा आणि प्रवाशांना खरी वेळ सांगा. अमेरिकेहून आईवडिलांना भेटायला येणाऱ्या माणसाला चार तास जास्त लागणार हे आधी कळलं तर तो समजून घेतो, विमानात बसल्यावर कळलं तर नाही.

दोन, जिथे खरोखर लढाई चालू आहे. इथे मी अजिबात हात सैल सोडत नाही. १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवर ३२ हजार फुटांखालचं आकाश बंद होतं, वरचं उघडं होतं, मलेशिया एअरलाइन्सचं एमएच१७ ३३ हजारांवर होतं. नियमात बसत होतं. २९८ माणसं गेली. त्याच दिवशी, आकाश पूर्ण बंद व्हायच्या आधी, त्या भागावरून १६० विमानं गेली होती, म्हणजे प्रत्येक ऑपरेशन्स रूममध्ये कुणीतरी उघडं आहे म्हणून टिक केलं होतं. ८ जानेवारी २०२० ला तेहरानहून उडालेल्या युक्रेनच्या विमानाचंही तेच, विमानतळ चालू होता, म्हणून ते उडालं आणि इराणच्याच क्षेपणास्त्राने पडलं, १७६ माणसं. अशा जागी तुम्हाला कुणी रूट देत असेल, स्वस्तात देत असेल, तरी विचारा की खाली कुणाकडे कुठल्या उंचीपर्यंत मारा करणारी शस्त्रं आहेत, आणि ती चालवणारे आणि सिव्हिल कंट्रोलर एकमेकांशी बोलतात का. दुसऱ्या प्रश्नाला ठाम हो मिळालं नाही तर वळसा घाला. तो निर्णय घ्यायचा अधिकार रात्रपाळीच्या डिस्पॅचरलाही असला पाहिजे, सकाळी मॅनेजर येईपर्यंत थांबायची वेळ त्याच्यावर येऊ नये, हे तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहून घ्या.

रूट मिळाल्यावर

मिळाला की काम संपलं असं समजून सगळे पांगतात. तसं करू नका. प्रत्येक फ्लाइटची नोंद ठेवा, मागितला का, मिळाला का, नाही मिळाला तर कुणी किती वाजता नाकारला, मधेच बाहेर पडायला सांगितलं तर किती मिनिटांत बाहेर पडलो. नाकारल्याची नोंद तक्रार म्हणून ठेवायची नाही, तीन महिन्यांनी परत त्याच टेबलावर बसाल तेव्हा दोघांनी मिळून बघायला ठेवायची, कारण कधीकधी कळतं की मंगळवारीच नकार येतात आणि मंगळवारी त्यांचं नाइट फ्लाइंग असतं, मग मंगळवार आपणच सोडून द्यायचा. आणि मागून घेतलेला रूट शेड्यूल बदलल्यामुळे वापरात नसेल तर तसं कळवून टाका, त्यांना त्यांची वेळ परत द्या. आम्ही एकदा असा पहाटेचा एक तास परत केला होता, त्यांच्याकडून कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या सीझनला रात्रीचे दोन तास मागितले तेव्हा ते पहिल्याच मीटिंगला मिळाले.